चार भाषांचा एक दिवसाचा खाद्य-संगीत मेळा, सोलापूर: स्टॉल, स्टेज, प्रमाण कसं बसवायचं?

जुळेसोलापूर_मंडळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या भागातली पाच-सहा मंडळं मिळून एका दिवसाचा मेळा ठरवत आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांतलं जेवण, गाणं-वाजवणं आणि जोडीला छोटं प्रदर्शन. हॉटेलवाले नकोत, स्टॉल घरच्याच लोकांनी लावायचे. अंदाज ३,००० माणसांचा, वेळ संध्याकाळी ५ ते १०, मैदान साधारण दोन एकर.

आत्ताचा आराखडा: १० बाय १०चे १२ स्टॉल एका रांगेत, समोर एकच स्टेज, प्रत्येक भाषेला बरोबर ४५ मिनिटं. पाच पदार्थ नक्की आहेत: कडक भाकरी-शेंगा चटणी, हुग्गी (खपली गव्हाची गुळातली खीर), पुलिहोरा (चिंचेचा भात), सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाचं थालीपीठ), दालचा-खाना (मटण किंवा दुधी घातलेली आंबट डाळ आणि भात). कार्यक्रमात हलगी-लेझीम, गजीनृत्य (धनगरांचं), वचनगायन (कन्नड शरणांची वचनं), बतुकम्मा (तेलुगू बायकांचा फुलांच्या सणातला फेर), कव्वाली. बाकीचे स्टॉल अजून ठरायचेत.

तारीख कुठली धरावी, पदार्थांचं प्रमाण काय, एक स्टेज पुरेल का, वीज-पाण्याचं काय? "आमच्या वेळी असं झालं होतं" छापाच्या गोष्टी नकोत, आकडे आणि चुका सांगा.

दाजीपेठ_चूल

आधी एक हिशोब. ३,००० माणसं, प्रत्येकी सरासरी चार चवी, म्हणजे १२,००० वाटे. बारा स्टॉलवर वाटले तर एकेकाला १,०००. पाच तासांत १,००० म्हणजे दर १८ सेकंदाला एक वाटा. शिवाय निम्मी गर्दी साडेसात ते नऊमध्येच येते, तेव्हा हा वेग जवळपास पावणेदोनपट लागतो. प्रत्येक पदार्थ या वेगाने देता येतो का हे आधी बघा. तुमच्या पाचांपैकी चार देता येतात. पाचवा, सर्वपिंडी, येत नाही.

सर्वपिंडीची अडचण अशी की ती गार भांड्यातच थापावी लागते. तापलेल्या कढईत पीठ पसरत नाही, गोळा होऊन सरकतं. म्हणजे एक झाली की भांडं पाण्यात बुडवून गार करायचं, पुसायचं, मगच दुसरी. एकीला झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. चार शेगड्या असतील तर आठ भांडी घ्या, चार आचेवर आणि चार गार होत असलेली. तासाला १६ ते १८ निघतात, एकीचे सहा तुकडे, म्हणजे तासाला शंभरेक वाटे. गर्दीत हे पुरणार नाही. म्हणून दुपारी एकपासून लावायला घ्या आणि पाचला दार उघडेल तेव्हा ६० तयार ठेवा. चार-पाच तास ती चांगली राहते. फक्त एकावर एक रचू नका, वाफ धरून मऊ पडते. जाळीवर उभी ठेवा.

प्रमाण: तांदळाचं पीठ १ किलो, भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, दीड तास भिजवलेली हरभरा डाळ ७५ ग्रॅम, तीळ ४० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, तिखट दोन मोठे चमचे, कढीपत्ता, कोथिंबीर, लसूण. कोमट पाणी पाऊण लिटरच्या आसपास, पण एकदम ओतू नका. यात आठ-नऊ होतात. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली की मधे कच्ची राहते. बोटाने पाच-सहा भोकं पाडून त्यांत तेल सोडायचं. भोकं नसतील तर तेल खाली पोचत नाही आणि तळ कडेला करपून मधे पांढरा राहतो. कांदा घालणार असाल तर पीठ भिजवताना नको, थापायच्या आधी पाच मिनिटं घाला. मिठामुळे त्याला पाणी सुटतं आणि पीठ सैल होतं.

पुलिहोरा हा स्टॉलसाठी यातला सगळ्यात सोयीचा. १० किलो तांदळाला चिंच १ ते १.२ किलो, तेल सव्वा लिटर, मीठ पाव किलोच्या थोडं वर. भात परातीत पसरून हळद आणि थोडं तेल लावून पूर्ण गार करा, चिंचेचा शिजवलेला कोळ नंतर. गरम भातात कोळ घातला की शितं मोडतात आणि गोळे होतात. चिंचेमुळे हा भात सकाळचा संध्याकाळी चालतो. दालच्याबरोबरच्या साध्या भाताला ही सवलत नाही. तो दोन तासांच्या वर कोमट पडू देऊ नका. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतू कोमटपणीच वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. साधा भात टप्प्याटप्प्याने लावा, साडेपाच, सात आणि सव्वाआठ. १,००० वाट्यांना एकूण २२ ते २४ किलो तांदूळ पुरतो.

दालचा १०० मिलीच्या वाट्याने १०० लिटर, त्याला १२ किलो डाळ. मटण (किंवा दुधी) आणि डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच चिंच घाला. आधी घातली तर आंबटामुळे डाळ शिजता शिजत नाही आणि पातेलं तासभर मागे पडतं. ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. पातेल्याखाली जाड तवा ठेवून मंद आच ठेवा, नाहीतर डाळ बसून करपते आणि करपलेला वास सगळ्या पातेल्याला लागतो. करपलंच तर खरवडू नका, वरचं दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या.

हुग्गीत गूळ लवकर पडला की गहू कडकच राहतो. कांडून साल काढलेला, रात्रभर भिजवलेला खपली गहू शिजून बोटाने चेपला जाईल तेव्हा गूळ. दूध उकळत्या गुळात कधीच नाही, फाटतं. वाढताना वरून, तेही वेगळं.

भाकरी आणि चटणी ही तर सोलापूरची लाज राखणारी जोडी. कडक भाकरी दोन दिवस आधी करून ठेवता येते. पूर्ण गार झाल्यावरच कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, कोमट असताना प्लास्टिकमध्ये घातली की सकाळी चामडं. एका वाट्याला अर्धी धरली तर ५००, आणि वाहतुकीत मोडतात म्हणून वर ५० जास्त. चटणी वाट्याला १० ग्रॅम, म्हणजे १० किलो, त्यात निम्मी जास्त तिखट आणि निम्मी बेताची ठेवा. १ किलो दाण्याला तिखट ८० ते १०० ग्रॅम, लसूण ७० ग्रॅम, मीठ ३५ ग्रॅम, जिरं १० ग्रॅम. उखळात कुटा. मिक्सरला लावायचीच असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. सलग फिरवलं तर पातं तापतं, तेल एकदम सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. कोरडी चटणी फ्रीजशिवाय टिकते, दह्यात कालवलेली नाही. दही वेगळं थंड ठेवून वाट्यावरच घाला.

आणि भाकरी साडेआठला संपली तर पब्लिक "काय बे हे?" म्हणूनच घरी जाणार, बाकी कितीही छान करा.

हलगी_आणि_माईक

एक स्टेज आणि सगळ्यांना सारखी ४५ मिनिटं, हे कागदावर न्यायाचं दिसतं, प्रत्यक्षात सगळ्यांवरच अन्याय आहे. तुमच्या पाचांपैकी तीन गोष्टी स्टेजच्या नाहीतच.

गजीनृत्य मोकळ्या जमिनीवर, ढोल-वादकांभोवती फेर धरून होतं. ३० जणांना किमान ४० फूट व्यासाचं रिंगण द्या. ढोलाला माईक लावायची गरज नाही. लावलात तर पहिल्या दहा मिनिटांत स्पीकर फाटल्यासारखा वाजेल. लेझीमला माणशी ६ बाय ६ फूट. ४० जणांना ३६ बाय ४० फूट. खाली सतरंजी किंवा मॅट नको, पाय अडकतो. दुपारी तीनला पाण्याचा हलका सडा मारा. पाचला मारला तर चिखल, मारलाच नाही तर धूळ थेट स्टॉलवरच्या उघड्या पातेल्यात.

बतुकम्मात ३० बायकांच्या फेराला साधारण ३० फूट व्यास लागतो. पुढे गाणारी चालत असते, तिला स्टँडवरचा माईक देऊन काही उपयोग नाही, कॉलर माईक द्या. बाकीच्यांच्या टाळ्या आणि धरलेला सूर तसाच ऐकू येतो.

म्हणजे मैदानाच्या मधे ५५ फुटी रिंगण दोरीने आखा, त्यात हलगी-लेझीम, गजी आणि बतुकम्मा. स्टेज लहान चालेल, २० बाय १६, त्यावर वचनगायन आणि कव्वाली. रिंगणात चालू असताना स्टेजवर पुढच्यांची जोडणी होते, त्यामुळे मधला रिकामा वेळही वाचतो.

क्रम असा लावा. साडेपाचला वचनगायन. हार्मोनियम, तबला आणि एक गळा, कान ताजे असताना. हलगीनंतर लगेच ठेवलंत तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. मेळा डिसेंबरात धरला तर सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा अजान आणि दिवेलागण धरून वीस मिनिटं स्पीकर बंद, तेवढ्यात रिंगण मोकळं करा. साडेसहाला बतुकम्मा, सव्वासातला हलगी-लेझीम, आठला गजी, पावणेनऊला कव्वाली. कव्वालीला ७० मिनिटांपेक्षा कमी देऊ नका. ती सावकाश चढते, ४५ मिनिटांत रंग भरायला लागतो आणि तुम्ही उठवता. मागच्या रांगेतल्या टाळीवाल्यांना दोन माईक, मुख्य गळ्यांना तीन, दोन पेट्यांना दोन, ढोलक-तबल्याला तीन. दहा चॅनेल मोजूनच मिक्सर मागा. दहाला एक सेकंदही वर नाही, रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे.

हलगीबद्दल एक, जे नेहमी विसरलं जातं. चामड्याची हलगी थंड, दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो. वाजवणारे ती आगीवर शेकतात. त्यांना रिंगणाच्या बाहेर, मांडवाच्या कापडापासून २५ फूट लांब जागा, लोखंडी घमेलं, वाळलेला पाला किंवा कागद आणि शेजारी वाळूच्या दोन बादल्या द्या. जागा दिली नाही तर ते शेकणार नाहीत असं नाही, मांडवामागे शेकतील.

जुळेसोलापूर_मंडळ

रिंगणाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. दोन प्रश्न उरतात. मटण एकाच मैदानात ठेवलं तर काही घरं येणार नाहीत असं बैठकीत निघालंय. आणि बतुकम्मा डिसेंबरात चालतो का?

पूर्वभाग_ताई

बतुकम्मा पितृपक्षातल्या अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, नऊ दिवसांचा. फुलांची उतरंड, वर हळदीची गौरम्मा, आणि शेवटी विसर्जन. डिसेंबरात हे सगळं "करून दाखवणं" घरातल्या म्हाताऱ्यांना रुचेलच असं नाही, त्यांना विचारल्याशिवाय पत्रिकेवर छापू नका. मधला मार्ग आहे: गौरम्मा न मांडता फक्त फेर आणि गाणी ठेवा, आणि उतरंड कशी रचतात ते प्रदर्शनात चित्रांतून दाखवा. खाली तरवड आणि कुरडू, मग झेंडू, शेवंती, वर भोपळ्याचं फूल. तरवडाची पिवळी फुलं नवरात्रातल्यासारखी डिसेंबरात मिळतील या भरवशावरही राहू नका. हेच नंदीध्वजालाही लागू. ती गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतली मानाची काठी, सजावटीला तिची प्रतिकृती उभी करू नका.

मटणाचं: वगळू नका, जागा नीट द्या. दुधीचा दालचा आणि मटणाचा दालचा असे दोन स्टॉल, दोन टोकांना. पळ्या, पातेली, वाढणारी माणसं वेगळी. हिवाळ्यात इथला वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, म्हणून मांसाहारी स्टॉल पश्चिमेच्या कडेला. आदल्या संध्याकाळी सातला मैदानात अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघून मग खुणा करा. हलालची पाटी त्या स्टॉलवाल्यांनी स्वतः लावावी. स्टॉल एका रांगेत नको, घोड्याच्या नालेच्या आकारात लावा आणि त्याच्या पोटात रिंगण. रांगेत सगळी गर्दी पहिल्या चार स्टॉलवर तुंबते आणि शेवटचे चार माशा मारतात.

शेंगदाण्याची पाटी विसरू नका. तुमच्या पाच पदार्थांत हुग्गी आणि दालचा सोडला तर तिन्हींत शेंगदाणा आहे. ज्यांना तो सोसत नाही त्यांना हे आधी कळलं पाहिजे. फोडणीचं तेल कुठलं तेही लिहा.

तारीख: जानेवारीचा पहिला पंधरवडा सोडा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदान त्या काळात गड्ड्याकडे असतं, आणि मंडप-साउंडवाले कुणी मोकळे नसतात. चंपाषष्ठीचे सहा दिवस आणि मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याच घरांत मांसाहार नसतो, सोमवारीही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तो कुठे येतोय ते कॅलेंडरात बघा. रोजा सोडायच्या वेळेला खाद्यमेळा म्हणजे त्या घरांना आमंत्रणच नाही. एवढं चाळलं की डिसेंबरातले एक-दोन रविवार उरतात. मार्चनंतरचं तर ऊन बघूनच सोडा.

वायर_आणि_टाकी

थोडक्यात. साउंड ८ किलोवॅट, दिवे ५, स्टॉलला प्रत्येकी ३०० वॅट धरून ३.६, फ्रीजर २. बेरीज १८.६. भागिले ०.८ (पॉवर फॅक्टर) म्हणजे २३ केव्हीए (जनरेटरची क्षमता यात मोजतात), त्यावर पाव भाग जास्त धरा, २९ होतात. ३०चा जनरेटर काठावर येतो, ४०चा घ्या. साउंडची फेज वेगळी. नाहीतर कुणीतरी २,००० वॅटची इंडक्शन शेगडी पिशवीतून काढतो, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि कव्वाली मधेच गप्प. स्टॉलवर विजेची शेगडी आणि किटली बंद, हे अर्जातच लिहून सही घ्या. प्रत्येक चार स्टॉलना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), वायर अडीच एमएम, जोड जमिनीवर नको, जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग.

गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच, घरगुती लाल नाही. सिलिंडर उभा, स्टॉलच्या मागे, शेगडीच्या खाली नाही. दर दोन स्टॉलना एक अग्निशामक.

पाणी: नळावर विसंबू नका, पाळी त्या दिवशी येईलच असं नाही. पिण्यासाठी माणशी अर्धा लिटर, १,५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ७५ जार. हात आणि भांडी धुवायला प्रत्येक स्टॉलला १०० लिटर, म्हणजे १,२०० लिटर, ५,००० लिटरचा एक टँकर पुरून उरतो, त्यावर "पिण्याचे नाही" अशी मोठी पाटी. फिरती शौचालयं १२, त्यातली ८ बायकांसाठी. सहा-सहा केलीत तर बायकांची रांग रिंगणापर्यंत येईल.

पोलीस, महापालिका, अग्निशमन आणि स्टॉलची अन्न-नोंदणी यांचे अर्ज महिनाभर आधी टाका. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या प्लेटांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. पळसाच्या द्रोणातून दालचा गळतो, त्याला सुपारीच्या पानाची वाटी घ्या, बाकीला द्रोण चालतात.

चारलिपी

पाट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. चार लिप्यांत फ्लेक्स करायचा तर फाइल उघडी देऊ नका. छापणाऱ्याच्या संगणकात कन्नड-तेलुगूचा फाँट नसला की जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात. उर्दूचं त्याहून वाईट: अक्षरं तुटून सुटी होतात आणि कधी कधी ओळ उलटी, डावीकडून छापली जाते. मजकूर आधी आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) पीडीएफ द्या, आणि छापण्याआधी कागदावर काढलेली प्रत ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. "दिसतंय बरोबर" म्हणणारा चालणार नाही. पदार्थाचं नाव आधी त्या घरच्या लिपीत मोठं, खाली देवनागरीत. पुलिहोऱ्याला "चिंचभात" एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

प्रदर्शनात सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा फलक लावा, या मेळ्याला तो शोभतो. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी. नावं चारही लिप्यांत, आणि तिथे तर एक वेलांटीही चुकता कामा नये. विणकामाचा एक कोपरा करत असाल तर चादर नुसती टांगू नका. हातमागाचा धोटा, ताणा-बाण्याचं सूत आणि जकार्डची भोकांची पुठ्ठ्यांची माळ ठेवली की नक्षी कशी उतरते ते मुलांना हात लावून कळतं.

जुळेसोलापूर_मंडळ

सगळं लिहून घेतलं. रविवार आणि नालेचा आकार बैठकीत मांडतो. शेवटचं: पैसे स्टॉलवर घ्यावेत की कुपनं?

दाजीपेठ_चूल

कुपनं. चटणी लावलेल्या हाताने सुट्टे मोजत बसलं तर १८ सेकंदांचा हिशोब तिथेच संपतो, आणि हातही खराब. प्रत्येक वाटा २० रुपये, एकच दर, पाच कुपनांची पट्टी १००ला. गर्दीच्या तासाला हजार माणसं धरली तर चौघांच्या कुटुंबामागे एक व्यवहार, म्हणजे २५०. एकाला ४० सेकंद लागतात, एक खिडकी तासाला ९० उरकते. तीन खिडक्या काठावर, चार उघडा, त्यातली एक फक्त रोखीची. एका मैदानात इतके फोन आले की यूपीआय अडकतं. कुपन स्टॉलवर फाडून डब्यात टाकायचं, परत द्यायचं नाही, नाहीतर तेच फिरून येतं. रात्री डबे मोजून त्याच ठिकाणी स्टॉलवाल्यांचा हिशोब करून टाका, उद्यावर नको.

मटणाच्या दालच्याला २०त भागणार नाही, त्याला दोन कुपनं.